देवी सगळ्यांना 'नको' सांगत होती

दरवर्षी निकालाच्या सुमारास मला तीन-चार शाळांतून बोलावणं येतं. मये, नार्वे, कधी पार पेडण्यापर्यंत. डिचोलीजवळच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत मी बरीच वर्षं शिकवतोय, त्यामुळे हे काम आपसूकच माझ्याकडे आलं. इंजिनियर म्हणजे काय करतो, दहावीनंतर डिप्लोमा घ्यावा की बारावी करून डिग्रीला जावं, सिव्हिलमध्ये काय असतं, मेकॅनिकलला मुली गेल्या तर चालतं का, असं सगळं मी सांगतो. मुलं ऐकतात. मला ते बरं जमतं असं लोक म्हणतात.

शेवटी पालक उभे राहून विचारतात, "सर, धाडूंया मगे?" मी "हो" म्हणतो, नेहमीच म्हणतो, पण त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणता येत नाही. का, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला माहीत आहे. लग्न ठरलं तेव्हाच तिला सांगितलं होतं. परवा ती म्हणाली, "लिहून काढ एकदाचं. पन्नाशी उलटली, आता किती दिवस पोटात ठेवशील?"

पेडणे तालुक्यातल्या एका लहान गावात मी वाढलो. गावातला पहिला इंजिनियर मीच. फोंड्याला शिकलो आणि लगेच डिचोलीच्या बाजूला एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये लागलो. आठवडाभर तिथे खोली, शनिवारी म्हापशावरून गावी. गावात मला नावाने हाक मारणं लोकांनी जवळजवळ सोडून दिलं होतं. "इंजिनेर इलो," म्हणत, आणि पाठोपाठ कोणाचा रेडिओ, कोणाचं घड्याळ, कोणाचा पंप माझ्यासमोर येई. रेडिओतलं मला काही कळत नसे. "इतलो शिकलो आनी रेडिओ करूंक येना?" असं शेजारची म्हातारी तोंडावर म्हणायची.

तो हिवाळा भाषेच्या आंदोलनाचा: गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी. आमच्या घरात बोलायची ती कोंकणी आणि वाचायची ती मराठी. पोथी मराठीत, भांडण कोंकणीत. तोवर कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्या वर्षी मात्र सख्खे भाऊ दोन बाजूंना उभे राहिले. रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसगाड्या बंद झाल्या आणि शनिवारी घरी आलेला मी गावातच अडकलो. म्हापशाला बारावीला जाणारी मुलंही अडकली. आमच्या हायस्कूलच्या हेडमास्तरांनी निरोप पाठवला: तूही बसून आहेस, मुलंही बसून आहेत, ये आणि त्यांना इंजिनियरिंगबद्दल सांग.

मी बूट घालून गेलो. फळ्यावर आकृत्या काढल्या. ऊर्जा, घर्षण, यांत्रिकी, जे जे पाठ होतं ते सगळं सांगितलं. पंधरा मिनिटांत पुढच्या बाकावरची मुलं माझ्या बुटांकडे बघू लागली. मागून एकाने हात वर केला.

"सर, इंजिनेराक पगार किते?"

मी सांगितला.

"आनी जीप गावता?"

"साहेब झाल्यावर मिळते."

"जाल्यार हांवूय जातां!"

वर्ग हसला. हेडमास्तरांनी टेबलावर पट्टी आपटली. तेवढ्यात बारावीच्या मुलांत बसलेली एक मुलगी उठली. मी तिला ओळखत होतो. आमच्या घरापासून चार घरं सोडून पिठाची गिरण होती, त्या गिरणवाल्याची ती एकुलती मुलगी. तिची आई तीन वर्षांपूर्वी वारली होती. घर ती बघायची आणि बाप जेवायला बसला की गिरणही ती चालवायची.

"गिरणीचो पट्टो पुलीवयल्यान भायर कित्याक पडना?" तिने विचारलं. "पुलीक काठ ना, कांय ना. पट्टो आपलो मदींच रावता. कित्याक?"

मला उत्तर येत नव्हतं. कॉलेजात कधी तरी एका ओळीत वाचलं असेल, परीक्षेत आलं नाही म्हणून विसरलो असेन. मी आकृतीचा खडू हातात धरून उभा राहिलो. मग म्हणालो, "माहीत नाही."

"इंजिनेराक खबर ना!" जीपवाला ओरडला.

त्या दिवसातली माझी एकच शहाणपणाची गोष्ट म्हणजे मी रागावलो नाही. "चला, जाऊन बघू," म्हणालो. हेडमास्तर नको-नको म्हणत असताना सगळा वर्ग माझ्या मागून गिरणीकडे निघाला.

आंदोलनात तारांवर झाड पडलं होतं, वीज नव्हती, त्यामुळे गिरण बंदच होती. गिरणवाले काका दारात बसले होते. त्यांच्या भुवयांवर कायम पीठ असायचं, त्या बिनकामाच्या दिवशीही होतं. तीस-चाळीस पोरं बघून ते उठले.

"किते रे, आज शाळा हांगाच भरली?"

आम्ही पट्टा सरकवला आणि एकेकाने पुलीवरून बोट फिरवलं. मधे ती किंचित फुगीर होती. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटाला कळत होतं. फुगीर आहे म्हणून पट्टा मधे राहतो, इथपर्यंत सगळे आले. पण फुगवट्यावरून घसरून पडायच्या ऐवजी पट्टा वर का चढतो, ते कोणालाच सांगता येईना. मला तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आमच्या अंगणात आली. एका हातात लाटणं, दुसऱ्या हातात केसांची रिबीन. रिबिनीची दोन टोकं शिवून तिने गोल केली होती. लाटण्याच्या कडेला ती अडकवून तिने खाली बोटाने ताण दिला आणि लाटणं फिरवायला लागली. रिबीन हळूहळू सरकत सरकत मधल्या जाड भागावर येऊन थांबली. पुन्हा कडेला नेली, पुन्हा मधे आली.

"पळे," ती म्हणाली. "दाट कुशीन ती वाकडी जाता. वाकडी जाता म्हण फुडलो कुडको चड वयर पडटा. मागीर आनीक वयर." म्हणजे जाड बाजूकडे पट्टा तिरका होतो, आणि तिरका होतो म्हणून त्याचा पुढचा भाग आणखी वर जाऊन बसतो.

आईने चुलीकडून विचारलं, "लाटणें खंयचें गो तें? तुजो बाबा उपाशी बसला आसतलो." ती हसत पळाली. मी किती तरी वेळ अंगणातच उभा होतो.

त्यानंतर शनिवारी गावी येण्याची मला ओढ लागली. पीठ दळायला नेण्याचं काम आईच्या हातून मी काढून घेतलं. गिरण चालू असताना बोलायचं म्हणजे ओरडायला लागे, म्हणून दळण संपेपर्यंत आम्ही थांबायचो. मोटर बंद झाली की एकदम शांतता व्हायची आणि त्या शांततेत ती प्रश्न विचारायची. कॉलेजात पहिल्या वर्षी लोखंडाचा तुकडा कानशीने घासून चौकोनी करायला लावतात, त्याला आठवडे लागतात, हे मी सांगितलं तेव्हा तिला ते फार आवडलं.

"चेडवां आसत थंय?"

"सिव्हिलला मुली दोन-तीन आहेत. मेकॅनिकलला एकही नाही."

"जाल्यार माका मेकॅनिकल."

"मेकॅनिकल घेऊन काय करशील?"

"तुका जीप गावली काय ती दुरुस्त करीन. तुका खंय येतली!"

मला ती आवडायला लागली होती. हे मी आता सरळ लिहू शकतो, तेव्हा स्वतःशीसुद्धा म्हणत नव्हतो. तिला इंजिनियरिंगला जायला सांगणारा मी होतो आणि ती तिथून पुढे जाऊ नये असं वाटणाराही मीच होतो. ती गिरणीत आहे, दळणाच्या डब्यांवर खडूने नावं लिहितेय, मी शनिवारी येतोय, असंच सगळं राहावं. कधी तरी मग आईने जाऊन काकांकडे विषय काढावा. यापेक्षा जास्त मी काही मागितलं नसतं.

चैत्रात काकांनी बायकोच्या स्मरणार्थ देवळाला पंखा दिला. आमच्या गावची देवी कडक, आणि गावाचा तिच्यावर भार. लग्न, विहीर, घराचा पाया, हरवलेली म्हैस, काहीही असलं तरी आधी देवीला कौल लावायचा. गुरव पिटकोळीच्या फुलांच्या पाकळ्या पाण्यात बुडवून मूर्तीच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे थांबतात. देवीच्या उजव्या बाजूची पाकळी आधी पडली तर होकार, डाव्या बाजूची पडली तर नकार. कधी लगेच पडते, कधी तासन्‌तास पडत नाही. एकदा दिलेला कौल त्या वर्षी पुन्हा मागायचा नाही.

गाभाऱ्यात उकाडा भयंकर. म्हातारा गुरव घामाने निथळत असायचा. म्हणून पंखा. तो बसवायचं काम अर्थात इंजिनियरकडे आलं. वायरमनने वायर एका खांबापर्यंतच आणली होती, तिथेच मी पंखा ठोकला आणि तोंड गाभाऱ्याकडे केलं. गुरवाने पहिल्यांदा वारा घेतला तेव्हा डोळे मिटले. "म्हातारपणांत देवीन माका सुख दिलें," म्हणाला. काकांचेही डोळे भरून आले होते.

आणि त्या महिन्यापासून देवीने सगळ्यांना नको म्हणायला सुरुवात केली.

खालच्या वाड्यावरच्या एका मुलाचं लग्न ठरत आलं होतं. नको. कोणाला विहीर खणायची होती. नको. एकाने मिनीबस घेण्याचं मनात आणलं होतं. नको. जत्रेला यंदा पौराणिक नाटक करावं का? त्यालाही नको, आणि सामाजिक करावं का विचारलं तर त्यालाही नको. पूर्वी अर्धा-अर्धा तास लागायचा, आता बघता बघता डावी पाकळी खाली. गाव हबकला. त्याच दिवसांत गोवा घटकराज्य झालं होतं, नाक्यावर पताका लागल्या होत्या. चहाच्या दुकानात रोज वाद.

"घटकराज्य जालें तें देवीक मानवूंक ना."

"घटकराज्याचें किते घेवन बसलास? कोंकणी राजभाषा केली, ताचो राग तो."

"व्हडलो इलो! देवी तुज्याकडेन मराठीन उलयता?"

"गाऱ्हाणें मराठीन घालतत मरे!"

"मगे तिका राग मराठीचो आसतलो. इतलीं वर्सां आयकून आयकून."

मी हे ऐकून हसायचो. सुशिक्षित माणूस म्हणून जरा वरून हसायचो असं म्हटलं तरी चालेल. पंखा माझ्या मनातसुद्धा आला नाही.

जूनमध्ये निकाल लागला. तिला इतके गुण पडले की फोंड्याला जागा मिळणार हे उघड होतं. मी काकांना सांगितलं. ते बराच वेळ पोतं शिवत बसले. मग म्हणाले, "देवीक विचारूंया."

"काका, देवी सध्या—"

"जाणां हांव. तरी विचारूंया."

त्यांना नकारच हवा होता असं मी मानत नाही. पण मुलगी गेली तर त्या घरात दुसरं कोणी नव्हतं. हो म्हणायचं बळ त्यांच्यात नव्हतं आणि नाही म्हणायची इच्छा नव्हती. असा माणूस देवीकडे जाणार नाही तर कुठे जाईल?

सकाळी देवळात आम्ही मोजकेच होतो. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं: "बाये म्हामाये, ह्या तुज्या लेकराचें एकुलतें एक चेडू. शिकपाक परगांवाक धाडूं काय नाका, तें तुवें उजवो कौल दिवन सांगचें."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

ती खांबाला टेकून उभी होती. डोळे मिटलेले नव्हते. मूर्तीकडे टक लावून बघत होती. पंखा चालू असूनही गुरवाने गळ्यावरचा घाम पुसायला पंचा उचलला आणि डावी पाकळी पडली.

मला जे वाटलं ते लिहायलाच हवं. मला बरं वाटलं. क्षणभरच. ती राहणार. मग मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि जमिनीत जावंसं वाटलं.

काका गुरवाशी बोलत मागे राहिले. ती विहिरीपाशी गेली आणि पायांवर पाणी घेऊ लागली. मी जवळ गेलो. काही तरी सांत्वनाचं बोलायचं म्हणून तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "पंखो देवीचे दावेकडेन आसा."

मी देवळाकडे वळून बघितलं.

"दावेकडल्यो पाकळ्यो सगळ्यो सुकिल्ल्यो. उजवेकडल्यो ओल्योच आशिल्ल्यो. पडटा ती पळयताना दिसलें माका."

म्हणजे दोन महिने गावाला नकार देत होता तो माझा पंखा. वायर तिथवर होती म्हणून बसवलेला.

"आत्ताच जाऊन सांगतो," मी म्हणालो.

"नाका." तिने माझ्या हाताला धरलं. तिने मला हात लावलेला तो पहिला प्रसंग. "आवयच्या नांवान दिला तो बाबान. आवयच्या पंख्यान देवीक उलोवंक दिलें ना म्हण लोक सांगतले. बाबाक तें सोंसचें ना."

"आणि तुझं?"

"म्हजें जाता तें जाता," ती म्हणाली आणि निघून गेली.

मी डिचोलीला परतलो. वर्कशॉपमध्ये कामात लक्ष लागेना. मी सांगितलं नसतं तर हे कोणालाच कळलं नसतं. ती गावात राहिली असती, पावसाळा संपल्यावर आई काकांकडे गेली असती. मी काही खोटं बोललो नव्हतो, मला फक्त गप्प बसायचं होतं. चार दिवस मी गप्प बसून बघितलं. पाचव्या दिवशी सुट्टी टाकली आणि भर दुपारी गिरणीत जाऊन उभा राहिलो. ती तेव्हा नदीवर कपडे धुवायला गेली होती.

काकांनी मोटर बंद केली. मी सगळं सांगितलं. पाणी कसं सुकतं, एका बाजूला वारा असला की काय होतं, कुठला खांब, कुठली बाजू. चूक माझी आहे, पंख्याची नाही, देणाऱ्याची तर नाहीच, हे दोन-तीन वेळा सांगितलं.

ते पिठाच्या डब्यावर बसले होते. बराच वेळ त्यांनी तळहात एकमेकांवर घासले. पीठ खाली पडत राहिलं.

"म्हणल्यार देवीन कांयच सांगूंक ना," ते म्हणाले.

"नाही."

"व्हयूय ना, नाकाय ना."

"नाही."

"मागीर तूंच सांग."

मला कळलं नाही.

"परत कौल लावंक जायना. लायलो तरी हांव आतां पंख्याकडेन पळयत रावतलों. तुवें म्हजो देव काडून घेतलो रे पुता. आतां तूं सांग. धाडूं काय नाका?"

"काका, इंजिनियरिंगला पुढे—"

"पुस्तकांतलें सांगूं नाका. तें शाळेंत सांग. तुका किते दिसता तें सांग."

माझ्या आयुष्यात मला कोणी इतका मोठा प्रश्न विचारला नाही. मला काय वाटत होतं? मला वाटत होतं, पाठवू नका. मला द्या. ही दोन्ही वाक्यं तोंडापर्यंत आली होती. समोर तो माणूस मान वर करून बघत होता आणि मी जे म्हणेन ते तो करणार होता, हे मला दिसत होतं. देवीचं ऐकलं असतं तसं.

"धाडा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "बरें," म्हणाले, आणि उठून मोटर सुरू केली. पुढे काही बोलणं शक्यच नव्हतं.

पंख्याचा आवाज होतो असं सांगून तो हलवायला गुरवाची संमती घेतली. नवीन वायर टाकून मी तो समोरच्या तुळईवर बसवला. कौल पुन्हा कधी उजवे, कधी डावे येऊ लागले. देवीचा राग उतरला, घटकराज्य तिने मान्य केलं, असा चहाच्या दुकानात निकाल लागला. ज्यांना त्या दोन महिन्यांत नकार मिळाला होता त्यांना मी काही सांगितलं नाही. विहीरवाल्याने पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं आणि खणली. त्या लग्नाच्या मुलाला दुसरी मुलगी सांगून आली, तोवर पहिली दुसरीकडे गेली होती. तो अजून भेटतो, हसून बोलतो. मी त्याच्याशी फार वेळ बोलू शकत नाही.

ती गेली. पहिली दोन वर्षं महिन्यातून एकदा घरी यायची. कानशीने घासलेला तिचा लोखंडी चौकोन तिने मला दाखवला. तो मी घासलेल्यापेक्षा सरळ होता. मग तिचं बोलणं हळूहळू माझ्या खाणीच्या वर्कशॉपच्या पुढे गेलं. ती सांगायची आणि मी मान हलवायचो. तिच्या वर्गात ती एकटी मुलगी होती, आणि तिच्या पुढच्या वर्षी तीन आल्या. पुण्याला नोकरी लागली. तिथेच तिने लग्न ठरवलं. लग्न गावात झालं. मंडपातली वीज मी बघितली. जेवणं होईपर्यंत जनरेटरपाशी उभा होतो, त्यामुळे अक्षता टाकायच्या राहिल्या. नंतर ती नवऱ्याबरोबर परदेशी गेली.

मी खाण सोडून शिकवण्यात आलो. माझंही लग्न झालं, मुलगा झाला. रविवारी गावी गेलो की काकांकडे बसायचो. पाकिटातलं पीठ दुकानात यायला लागलं तशी गिरण थंडावली आणि एक दिवस बंदच झाली. काका जनेलापाशी, खिडकीला लागून, खुर्ची टाकून बसायचे, तिथून रस्ता दिसायचा. तिच्या देशात आता किती वाजले असतील ते मला विचारायचे. मी सांगितलं की बोटांवर हिशेब करायचे. "न्हिदली आसतली," किंवा, "आतां कामाक भायर सरली आसतली." बरेच बाप असे असतील. पण त्यांचं ते एकटं बसणं माझ्या एका शब्दामुळे होतं. ते एकदाही मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं असं कितीदा वाटलं. मी तिथे जायचो त्याचं कारण मी स्वतःला कर्तव्य म्हणून सांगायचो. खरं म्हणजे त्या घरात तिचा आवाज राहिला आहे असं मला वाटायचं. मोटर बंद झाल्यावरची ती शांतता तिथे अजून होती, फक्त आता ती कोणी मोडत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात काका गेले. तिला पोचायला उशीर झाला. चुलत भावाने अग्नी दिला. ती आली तेव्हा घर सारवून झालं होतं. तिचे केस अर्धे पांढरे झालेले. बारावं होईपर्यंत राहिली. घरात सतत माणसं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ती बाहेरच्या पायरीवर बसली होती. मी निरोप घ्यायला गेलो, तर म्हणाली, "बस मातसो."

मी बसलो. मग रस्त्याकडे बघतच म्हणाली, "बाबान माका फोनार सांगलें, दोन म्हयन्यां आदीं. हांव इतलीं वर्सां समजतालें, देवीचें नाका आसतना बाबान आपल्या मनान माका धाडली म्हण. कितेंय करताना तें याद करतालें. बाबा सांगता, ना गो बाये, हांवें इंजिनेराक विचारलें. ताणें धाड म्हणलें म्हण धाडली."

मी मान खाली घातली.

"तुवें केन्नाच सांगूंक ना माका."

"विषय निघाला नाही."

"तीस वर्सां विषय येवंक ना?" ती हसली. तसंच हसली, लाटणं फिरवताना हसली होती तसं, आणि मग एकदम थांबली. "सोंपें गेलें तुका? धाड म्हणपाक?"

परवा-परवापर्यंत मी शाळांतून मुलांना सांगत आलोय की प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर सरळ तसं सांगावं. या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं.

"ना," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. आता ती आणखी काही विचारेल असं वाटून मी तयार झालो. काहीही विचारलं असतं तरी खरं सांगितलं असतं. तिने विचारलं नाही. माझ्या मनगटावर तिने तिचा हात ठेवला आणि थोडा वेळ तो तिथेच राहू दिला.

आतून तिच्या चुलत वहिनीने हाक मारली, "बाय गो, चाय थंड जाता. तांकांय भितर हाड."

आम्ही दोघं उठून आत गेलो.